वाचून पाहिलं

चेकियातल्या ब्रनो शहराच्या लीशेन भागात, आठ मजली इमारतीच्या सहाव्या मजल्यावर राहणारी द्राहोमीरा शेबेस्तोवा नेमकं काय काम करते, हे तिच्या सख्ख्या बहिणीलाही कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. लिबुशे ही तिची धाकटी बहीण. ती झ्नोइमोला राहायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "आमची द्राहा संगणकात कुलपं बसवते." हे कसं कोण जाणे इमारतीतही पसरलं, आणि एकदा तळमजल्यावरच्या आजोबांनी तळघराचं गंजलेलं कुलूप हातात घेऊन तिची बेल वाजवली. द्राहोमीरानं तेल घालून ते उघडून दिलं. असली कामं मी करत नाही, हे समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

लिबुशेचं म्हणणं तसं खोटंही नव्हतं. संगणकात सगळ्यांत तळाशी जो भाग असतो, ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं, त्याला कर्नेल म्हणतात. आजच्या यंत्रात चार, आठ, सोळा प्रोसेसर एका वेळी राबत असतात आणि त्या सगळ्यांची मेमरी एकच. दोघांनी एकाच क्षणी एकाच जागी लिहायला घेतलं तर दोघांचंही वाया जातं. म्हणून एकानं कुलूप लावायचं, आपलं काम उरकायचं आणि कुलूप काढायचं. दुसऱ्यानं तोवर थांबायचं, फारच वेळ लागणार असेल तर झोपायचं. कुलूप काढणाऱ्यानं जाताना कुणी झोपलंय का ते बघून त्याला उठवायचं. एवढंच. हे एवढंच करणाऱ्या चारशे-सव्वाचारशे ओळी द्राहोमीराच्या ताब्यात होत्या. वरच्या एखाद्या प्रोग्रॅमचं चुकलं तर कर्नेल सावरून घेतं. तिथं खाली चुकलं तर सावरायला कुणी नाही.

ती हे शिकली होती कारखान्यात. त्र्येबीचजवळ यंत्रमागांचे नियंत्रक बनवणारा एक कारखाना होता, तिथं ती चौऱ्याऐंशी साली लागली. एका खोलीत नऊ बाया, मेमरी इतकी तोकडी की प्रोग्रॅममधली एक सूचना वाचवली तर दुपारी केक आणायचा असा रिवाज. नव्वदनंतर कारखाना बंद पडला. बाया पांगल्या, कुणी टपाल खात्यात गेली, कुणी मुलांकडे. द्राहोमीराचं लग्न त्याच सुमारास मोडलं. नवरा ऑस्ट्रियात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. भांडण असं काही झालं नाही. तिनं काही वर्षं टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये काढली, आणि मग हे कर्नेल तिच्या हाती लागलं, जगभरातले लोक मिळून लिहितात ते, कुणाच्याही मालकीचं नसलेलं. आधी हौस म्हणून, पुढे एका कंपनीनं पगार देऊन तेच काम घरून करायला सांगितलं.

हे काम चालतं टपालावर. कुणी दुरुस्ती केली की ती सगळ्यांना दिसेल अशी टपालयादीवर पाठवायची. या दुरुस्त्यांना तिथं ठिगळच म्हणतात. बाकीच्यांनी ती वाचायची, चुका काढायच्या, आणि पटली तर खाली एक शेरा लिहायचा: वाचून पाहिलं, अमुक अमुक. ही ओळ त्या ठिगळाबरोबर कायमची राहते.

यादीवर तिचं नाव होतं डी. शेबेस्ता. बायकांच्या आडनावाला लागणारं शेवटचं 'ओवा' तिनं गाळलं होतं, कारण परदेशातल्या लोकांचा त्यावरून गोंधळ व्हायचा. ती संमेलनांना जायची नाही, तिचा फोटो कुठं नव्हता. सगळे तिला पुरुष समजत. तिनं कधी दुरुस्त केलं नाही. पहिल्यांदा करायचं राहिलं, आणि मग त्याला इतका उशीर झाला की करणं विचित्र दिसलं असतं.

आणि तिच्या कुलपांच्या ठिगळांखाली सतरा वर्षं एकच नाव होतं. वाचून पाहिलं, गेयझा ओरावेत्स.

गेयझा स्लोव्हाकियाचा, दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा. दोन हजार सहा साली तिच्या पहिल्या मोठ्या ठिगळावर त्यानं एकच ओळ लिहिली होती: एक्केचाळिसाव्या ओळीवर असताना मध्येच व्यत्यय आला तर काय होईल? द्राहोमीरा दोन दिवस चिडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं कबूल केलं की यंत्र बंद पडेल. तेव्हापासून ती काही लिहायला बसली की त्याच्यासाठी लिहायची. ही ओळ ओरावेत्सला आवडणार नाही, इथं तो अडेल, असं स्वतःशी म्हणायची. पुढेपुढे ते मोठ्यानं म्हणायची. घरात ऐकायला कुणी नव्हतंच.

त्याच्याविषयी तिला जे माहीत होतं ते एका मुठीत मावलं असतं. तो सकाळी सातच्या आत लिहितो. त्याला हुशारी दाखवलेली आवडत नाही. पूर्णविरामानंतर तो दोन मोकळ्या जागा सोडतो. एका वर्षी गारपिटीनं त्याची आलुबुखारं झोडपली होती. बस. तिची आई गेली तेव्हा तिनं तीन आठवडे काही पाठवलं नाही, कारणही सांगितलं नाही. परतल्यावर तिच्या पहिल्या ठिगळाखाली त्यानं लिहिलं, "बरं झालं. तुमच्यावाचून इथं फार कलकलाट झाला होता." ती ओळ द्राहोमीरानं कित्येकदा उघडून वाचली.

हे सगळं इंग्रजीत. एक चेक, एक स्लोव्हाक, एकमेकांची भाषा दोघांना पाण्यासारखी कळते, पण यादी सगळ्या जगाची, म्हणून इंग्रजी. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही, आणि गेला-गेली असाही नाही. त्यामुळे सतरा वर्षांत दोघांपैकी कुणालाच काही ठरवावं लागलं नव्हतं.

मग एका शरद ऋतूत तो गप्प झाला.

द्राहोमीरानं एक ठिगळ पाठवलं, उत्तर नाही. दुसरं पाठवलं. एक जपानी गृहस्थ शेरा देऊन गेला. तिसरं, चौथं, पाचवं. दरवेळी कुणी ना कुणी शेरा दिला आणि काम पुढं गेलं. यादीवर दिवसाला हजार पत्रं पडतात, एक नाव कमी झालेलं कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या आलं. सकाळी सातला ती कॉफी घेऊन बसायची, पडद्यावरची यादी वरून खाली सरकवायची आणि मग भांडी धुवायला उठायची. पण तिनं विचारलं नाही. काय विचारणार होती? प्रकृती कशी आहे असं त्या दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. आता विचारायचं म्हणजे त्याच्या घरात न बोलावता शिरण्यासारखं होतं.

फेब्रुवारीत एस्टोनियातून तक्रार आली. मार्या नावाची एक बाई तिकडच्या एका डेअरीत यंत्रं सांभाळायची. तिनं लिहिलं होतं की बाटल्या भरायची त्यांची यंत्रणा तीन आठवड्यांतून एकदा उभी राहते. काही जळत नाही, काही मोडत नाही, चूक म्हणून काही उमटत नाही. नुसती उभी राहते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. बंद करून चालू केली की पुन्हा तीन आठवडे सुरळीत. यादीवरच्या तिघा-चौघांनी तिला सांगितलं की यंत्र खराब असेल, बदला. तिनं बदललं. अठराव्या दिवशी नवं यंत्रही उभं राहिलं. तिनं पुन्हा लिहिलं, अगदी शांतपणे, पडद्याचे फोटो जोडून.

त्या फोटोंत द्राहोमीराला एक आकडा खटकला. तिनं मार्याकडून यंत्राचं मॉडेल विचारून घेतलं, तसलाच तळहाताएवढा बोर्ड मागवला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तो चालू करून ठेवला. बोर्डावर एक हिरवा दिवा लुकलुकायचा. ती त्याच्या शेजारी जेवायची. दिवस गेले, आठवडे गेले. मध्ये तिनं दोनदा तपासणीचं सॉफ्टवेअर बदललं आणि दोन्ही वेळा मोजणी पहिल्यापासून सुरू केली. एप्रिलमधल्या एका रविवारी ती लसणाचं सूप ढवळत होती. मागं वळून पाहिलं तर दिवा एका जागी थांबलेला.

तिनं गॅस बंद केला आणि यंत्राच्या आत काय दिसतं ते पाहिलं. कुलूप उघडं होतं. आणि त्या उघड्या कुलपासमोर एक जण झोपलेला होता.

यंत्रं तिनं पुष्कळ मेलेली पाहिली होती, पण असं कधी नाही. कागद घेऊन तिनं पेन्सिलीनं दोन रकाने आखले. थांबणारा आधी 'मी झोपतोय' अशी खूण ठेवतो आणि मग शेवटचं एकदा कुलपाकडे बघतो. काढणारा आधी कुलूप काढतो आणि मग कुणाची खूण आहे का ते बघतो. दोघांनी हा क्रम पाळला तर चुकामूक होऊच शकत नाही. पण प्रोसेसर ही उतावळी जात. लिहायला वेळ लागतो म्हणून ते पुढचं आधी वाचून घेतात आणि लिहिणं मागाहून उरकतात. तसं करू नये म्हणून मध्ये एक अडसर घालावा लागतो: वरचं लिहून पुरतं झाल्याशिवाय खालचं वाचायचं नाही. काढणाऱ्याच्या बाजूला तो अडसर नव्हता. काढणारा खूण नाही असं बघून निघून गेला; खूण त्यानंतर निमिषभरानं उमटली. आणि थांबणाऱ्यानं पाहिलं तेव्हा कुलूप अजून लागलेलंच दिसत होतं. मग तो झोपला. त्याला उठवणारा गेलेला होता.

अडसर कुणी काढला ते शोधायला फार वेळ लागला नाही. जुनी पत्रं सगळी जपून असतात. अकरा वर्षांपूर्वी तो डी. शेबेस्ता यांनी काढला होता. खाली कारण होतं: वरची सूचनाच हे काम करते, दुहेरी अडसर कशाला, उगाच वेळ जातो. तिच्या टेबलावरच्या तेव्हाच्या यंत्रात ते खरंही होतं. पुढं जी स्वस्त, छोटी यंत्रं निघाली आणि डेअऱ्यांत जाऊन बसली, त्यांच्यात ते खरं नव्हतं.

त्याखाली गेयझाचा प्रश्न होता: हे सगळ्या यंत्रांवर खरं आहे का?

आणि तिचं उत्तर: ज्यांना काही महत्त्व आहे त्या सगळ्यांवर.

आणि त्याखाली: वाचून पाहिलं, गेयझा ओरावेत्स.

ते तोऱ्यातलं उत्तर वाचताना तिचे कान तापले. मार्याच्या डेअरीतलं दूध, ते दर तीन आठवड्यांनी नासून गेलं असेल. पण लाजेच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते ओळखून तिला स्वतःचाच अचंबा वाटला. ती हरखली होती. आता तिच्याकडे त्याला लिहायला कारण होतं.

तिनं सरळ त्याच्या पत्त्यावर पत्र लिहायला घेतलं, सतरा वर्षांत पहिल्यांदा यादी सोडून. आणि पहिल्यांदाच चेकमध्ये. दुसऱ्याच शब्दावर ती अडली. तू की तुम्ही? सगळं खोडून तिनं इंग्रजीत लिहिलं. एका मिनिटात यंत्राचं उत्तर आलं की हा पत्ता बंद झाला आहे.

तिच्या ऑफिसातल्या एकाचा मित्र गेयझाच्या कंपनीत होता. त्यानं विचारून सांगितलं, ओरावेत्स सप्टेंबरातच सोडून गेला. मिकुलाशला असतो. बस चालवतो म्हणे, हुती गावाच्या रस्त्यावर.

"बस?" लिबुशेनं फोनवर विचारलं. "म्हणजे तिकीट काढून बसतो ती बस?"

"तीच."

"आणि सतरा वर्षांच्या मित्राचा तू आवाजसुद्धा ऐकला नाहीस?"

"मित्र म्हणाले नाही मी."

"नाही म्हणालीस. पण पाच तास गाडीत बसून निघाली आहेस. जायच्या आधी केस तरी काप, द्राहा."

द्राहोमीरानं केस कापून घेतले. स्वतःला तिनं असं समजावलं होतं की त्या ओळीखाली त्याचंही नाव आहे, त्याला न सांगता दुरुस्ती पाठवणं बरं नव्हे.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी प्रेरोव्हला आणि झिलिनाला गाड्या बदलत ती मिकुलाशला उतरली. बसस्थानक स्टेशनाच्या समोरच. हुतीची बस चौथ्या फलाटावर लागलेली होती. चालकाच्या जागेवर साठीचा एक रुंद माणूस बसला होता, बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर. छातीवर नाव लिहिलेलं होतं. ती पायरी चढली आणि जे बोलायचं म्हणून पाच तास घोळवलं होतं ते सगळं नाहीसं झालं.

"कुठं?" तो म्हणाला.

"हुती. एक."

त्यानं तिकीट दिलं. ती तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली.

पाऊण तासाचा रस्ता. बस गावागावात थांबत गेली. टोपल्या घेतलेल्या बाया, शाळा सुटलेल्या मुली, काठी घेतलेले एक म्हातारबाबा. गेयझा सगळ्यांना नावानं ओळखत होता. एका बाईला त्यानं विचारलं की जावयाचं छप्पर झालं का. ती म्हणाली, छप्पर झालं, जावई पडला. पुढची दोन बाकं हसली. म्हातारबाबा खाली उतरून रस्ता ओलांडेपर्यंत त्यानं बस हलवली नाही. द्राहोमीरा मागून त्याची मान पाहत राहिली. हा माणूस पूर्णविरामानंतर दोन जागा सोडतो, असं तिच्या मनात आलं, आणि ते या मानेशी काही केल्या जुळेना.

हुतीला सगळे उतरले. त्यानं इंजिन बंद केलं, आरशात बघितलं.

"शेवटचा थांबा आहे, बाई."

"मी डी. शेबेस्ता," ती म्हणाली. "ब्रनोहून आले. कुलपांची."

तो वळला. मग चष्मा कपाळावरून खाली ओढला. "तुम्ही बाई आहात," असं तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याच्या कानापर्यंत लाली चढली. तुम्ही. निदान तो प्रश्न त्यानं सोडवून टाकला.

परतीच्या फेरीला पंचवीस मिनिटं होती. थांब्यामागं एक लाकडी बाक होतं, तिथं ते बसले. त्यानं डबा उघडून ब्रिंझा, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, लावलेला पाव आणि पातीचा कांदा मध्ये ठेवला, थर्मासच्या झाकणात तिला चहा दिला आणि स्वतः थर्मासमधूनच प्यायला. तो स्लोव्हाकमध्ये बोलत होता, ती चेकमध्ये. तिनं सगळं सांगितलं. डेअरी, बोर्ड, अडसर. तो ऐकत होता, पण आपण पूर्वी राहत होतो त्या गावातल्या लोकांची खबर ऐकावी तसा, मान डोलावून, चांगुलपणानं.

"मला ती ओळ आठवत नाही," तो म्हणाला.

तिनं ती तोंडपाठ म्हणून दाखवली. त्याचा प्रश्नही.

"हां, तो प्रश्न." तो थोडा ओशाळला. "तो मी सगळ्यांनाच विचारायचो. काहीतरी विचारावं लागतं, नाहीतर लोकांना वाटतं आपण वाचलंच नाही."

"आणि वाचलं होतं?"

गेयझानं कांद्याची पात हातातल्या हातात फिरवली. "पहिली दोन-तीन वर्षं मी तुमची ओळन्‌ओळ वाचायचो. तुमच्यासारखं नेटकं कुणी लिहीत नव्हतं. नंतर नाव पाहायचो आणि शेरा द्यायचो. शेबेस्ताचं आहे म्हणजे बरोबरच असणार. खोटं कशाला सांगू, इंजिनियरबाई."

त्याला हे कौतुकानं म्हणायचं होतं, हे तिला कळलं. तिनं पावाचा घास घेतला. चौदा वर्षं. ओरावेत्सला हे आवडणार नाही म्हणून खोडलेल्या ओळी, त्याच्यासाठी तीनदा लिहिलेली टिपणं, इथं तो अडेल म्हणून आधीच देऊन ठेवलेली उत्तरं. कलकलाटाच्या त्या ओळीबद्दल तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही. ती तेवढी तिनं तशीच राहू दिली.

"का सोडलंत?" तिनं विचारलं.

"एक दिवस सकाळी बसलो होतो. बायको मुलीकडे गेली होती. संध्याकाळपर्यंत मी शंभरएक लोकांशी बोललो असेन आणि तोंडातून शब्द निघालेला नव्हता. दुकानात पाव मागायला गेलो तर आवाज फाटला." तो हसला. "लष्करात गाडीचा परवाना काढला होता, तो होताच. आता बघा, लोक चढतात, चिखलाचे बूट घेऊन चढतात, कटकट करतात. मला आवडतं. तिकडं मी सांगून आलो नाही, ते खरं. म्हटलं, कुणी विचारलं तर सांगू. कुणी विचारलं नाही."

"मी पाच ठिगळं पाठवली."

"पाठवली असतील," गेयझा म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. "विचारलं नाहीत."

समोर कुणाचं तरी कुत्रं रस्त्याच्या मधोमध येऊन बसलं होतं. गेयझानं घड्याळ पाहिलं, डबा मिटला, झाकण झटकून थर्मासवर फिरवलं. परतीच्या वाटेत तिनं तिकीट काढू नये असं तो म्हणाला, तिनं काढलं. खाली मिकुलाशला उतरताना त्यानं हात पुढं केला. हात कोरडा आणि उबदार होता. घरी चला, बायकोनं, व्येरानं, आलुबुखाऱ्याचे गोळे केले असतील, असं तो म्हणाला आणि त्यात खोटेपणा नव्हता. तिनं गाडीची वेळ सांगितली. गाडीला दोन तास होते. ते तिनं स्टेशनावर काढले.

दुरुस्ती एका ओळीची होती. तिच्यावरचं टिपण लिहायला मात्र द्राहोमीराला चार दिवस लागले. त्यात तिनं लिहिलं की अडसर काढण्याची चूक माझी, कारण दिलं होतं ते अपुरं होतं, आणि मला प्रश्न विचारला गेला तेव्हा मी उत्तर न देता तो उडवून लावला. गेयझाचं नाव तिनं घातलं नाही. शेवटी एक विनंती केली, जी त्या यादीवर कुणी करत नाही: कृपया नाव बघून शेरा देऊ नका, वाचा.

दोन दिवस कुणीच शेरा दिला नाही. लोक बुजले असावेत. तिसऱ्या दिवशी डेअरीतल्या मार्यानं लिहिलं. ती कर्नेलवाली नव्हती, तिनं आधीच माफी मागितली होती, आणि विचारलं होतं की टिपणातल्या चौथ्या वाक्यात 'थांबणारा' लिहिलंय तिथं 'काढणारा' हवं ना? हवं होतं. द्राहोमीरानं ते दुरुस्त केलं आणि खाली मार्याचं नाव घातलं: वाचून पाहिलं. मार्यानं कळवलं की असं नाव छापून यायची तिची पहिलीच वेळ, आणि तिनं ते घरी आईला दाखवलं.

डेअरीतलं यंत्र तीन आठवडे चाललं, मग सहा. मार्याची पत्रं थांबली, कारण आता लिहायला काही उरलं नव्हतं.

द्राहोमीरा पुन्हा सकाळी सातला कॉफी घेऊन बसू लागली. ओळ लिहिताना अजून तिच्या तोंडून निघायचं, ओरावेत्सला हे... आणि ती मध्येच थांबायची. दुसरं कुणाचं नाव तिथं घालून पाहिलं, जमलं नाही. जूनमध्ये लिबुशे दोन दिवस राहून गेली. ती गेल्यावर घरात फ्रिजचा आवाज फार मोठा वाटायला लागला, म्हणून द्राहोमीरानं खिडक्या उघडल्या.

त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की ब्राझीलमधला एक जण, वाल्देमीर नावाचा, जो दर सोमवारी न चुकता काहीतरी पाठवायचा, तो नऊ सोमवार गप्प आहे. तिची आणि त्याची ओळख अशी नव्हतीच. त्याच्या दोन ठिगळांना तिनं नकार दिला होता, एवढाच संबंध. तिनं यादी सोडून त्याला लिहिलं: पुष्कळ दिवसांत काही आलं नाही. तुम्ही बरे आहात ना?

उत्तर तासाभरात आलं. बरा आहे, सुटीवर होतो. माझ्या एखाद्या ठिगळात चूक निघाली आहे का?

नाही, तिनं लिहिलं. ठिगळं ठीक आहेत.

आता पत्र पाठवून द्यायला हरकत नव्हती. ती कळफलकावर हात ठेवून बसली. आणखी काय लिहितात अशा वेळी, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. खालून ट्राम वळल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं तिनं एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. इकडे लिंडनची झाडं फुलली आहेत आणि वास सहाव्या मजल्यापर्यंत येतो आहे. तेवढं लिहून तिनं ते पाठवलं, आणि कप विसळायला उठली.